आधी कोण कुठे बसणार ते ठरवा, मग गाडी

नेक्सॉन, ब्रेझा, एक्सयूव्ही ३एक्सओ आणि कायलॅक या चार कॉम्पॅक्ट एसयूव्हींतली कुठली घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. घरात तुम्ही दोघं, सहा वर्षांची लेक, तेरा महिन्यांचा मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. राहायला कोथरूड, गाव गुहागरजवळ, वर्षाला चार फेऱ्या. एरवी गाडी दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर चालणार. बजेट ऑनरोड चौदा लाख. आणि यजमानांना सनरूफ हवंय.

तुमचा तक्ता मन लावून केलेला आहे. मायलेज, पॉवर, स्क्रीन, वॉरंटी सगळं त्यात आहे. एकच रकाना राहिलाय: मागच्या सीटवर कोण, कुठे बसणार? माझी ही चौथी गाडी, आणि आधीच्या तीनपैकी दोन मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून पसंत केल्या होत्या. बाकीच्यांनी त्याची शिक्षा सात-सात वर्षं भोगली.

धाकट्यापासून सुरू करू. तेरा महिन्यांच्या बाळाची चाइल्ड सीट अजून मागे तोंड करूनच लावायची. युरोपातला आजचा नियम किमान पंधरा महिन्यांपर्यंत तसं बसवा म्हणतो, आणि जमेल तितकं पुढेही तसंच ठेवलेलं चांगलं. ही सीट पुढच्या सीटवर लावायची नाही, समोर एअरबॅग असते. म्हणजे ती मागेच येणार. आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे, हुक या गाड्यांत मागच्या दोन कडेच्या जागांना असतात, मधल्या जागेला नाहीत. रस्त्याच्या कडेला उतरवायचं म्हणून बाळ डावीकडे ठेवलं, तर ते पुढच्या डाव्या सीटच्या मागे आलं. मागे तोंड केलेली सीट तिरकी असते, जागा खाते, म्हणून पुढची सीट पुढे ढकलावी लागते. आणि त्या पुढच्या सीटवर कोण? सासूबाई. ज्यांना पाय लांब करून बसायचंय.

आता कळलं ना, ब्रोशरमधला 'पाच जणांसाठी ऐसपैस' हा शब्द कुठे फाटतो ते?

म्हणून दोन मांडण्या करून बघा. पहिली: सासूबाई पुढे, बाळ त्यांच्या मागे, लेक उजवीकडे बूस्टरवर (मुलाला उंच करणारी बैठक) आणि मध्ये तुम्ही. यात तुम्ही सहा तास दोन सीटांच्या कचाट्यात बसणार. दुसरी: पुढे तुम्ही, मागे डावीकडे बाळ, मध्ये लेक बूस्टरवर, उजवीकडे सासूबाई. यात लेकीच्या बेल्टचं बक्कल बाळाच्या सीटखाली गडप होतं का, ते हात घालून पाहा. मधल्या जागेला खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा तीनबिंदू बेल्ट आणि डोक्याला टेकू आहे का, तेही बघा. काही गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटला टेकू नसतो. आणि लेकीला 'आता मोठी झालीस' म्हणून बूस्टरशिवाय बसवू नका. साधारण १३५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत बेल्ट खांद्याऐवजी गळ्यावर येतो. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंड आहे, पण दंड हे त्यातलं सगळ्यात स्वस्त कारण.

थोडक्यात, तुम्हाला व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) आणि रुंदी लागणार. चौघींमध्ये ३एक्सओचा व्हीलबेस २६०० मिलिमीटर, रुंदी १८२१. कायलॅक २५६६, ब्रेझा २५००, नेक्सॉन २४९८. आकड्यांवरून सीट कशी आहे ते कळत नाही, पण दहा सेंटिमीटर म्हणजे बाळाची सीट आणि सासूबाईंचे गुडघे यांच्यातला तह.

सासूबाईंसाठी कॉम्पॅक्ट एसयूव्ही हा प्रकार मुळात बरा. हॅचबॅकमध्ये खाली बसावं लागतं, मोठ्या एसयूव्हीत वर चढावं लागतं. इथे सीट कमरेच्या उंचीला येते आणि माणूस आडवा सरकतो. पण हे आकड्यांत दिसत नाही. आईला घेऊन मी गेलो होतो तेव्हा सेल्सचा मुलगा बूट, म्हणजे डिकी, उघडून लिटर सांगत होता आणि आई दार धरून खाली वाकून काहीतरी बघत होती. म्हटलं, काय गं? म्हणाली, "ही पट्टी बघ. पावसात हिच्यावर चिखल बसणार आणि उतरताना माझं लुगडं पुसत जाणार." दाराखालचा उंबरठा. काही गाड्यांत दार खालपर्यंत येऊन तो झाकतं, मग तो कोरडा राहतो. काहींत तो उघडा असतो आणि जुलैत प्रत्येक साडीला, प्रत्येक पँटच्या पोटरीला चिखलाची रेघ. तीस वर्षं गाड्या चालवून मला हे दिसलं नव्हतं. सासूबाईंना न्या, एरवीच्याच साडीत न्या, तीनदा चढा-उतरायला लावा. पहिल्यांदा सगळेच 'बरी आहे' म्हणतात. तिसऱ्यांदा चेहरा खरं बोलतो.

बूटचे लिटर कंपन्या एकाच पद्धतीने मोजत नाहीत. कुणी पार्सल ट्रेपर्यंत (डिकीवरचं झाकण), कुणी छतापर्यंत. नेक्सॉन ३८२ सांगते, ब्रेझा ३२८, कायलॅक ४४६. ३एक्सओचा बूट खोल आहे पण अरुंद, आणि सामान उचलून कडेवरून आत टाकावं लागतं. तुमच्या बाबतीत प्रश्न एकच: स्ट्रोलर (बाबागाडी) घडी करून ठेवल्यावर दोन मोठ्या बॅगा बसतात का? जाताना बसतीलही. येताना नारळ, तांदूळ, कोकम आणि मे महिन्यात दोन पेट्या आंबे असतात, त्यांचं काय? सीएनजीचा विचार असेल तर ब्रेझाची टाकी जवळजवळ सगळा बूट खाते. नेक्सॉनमध्ये दोन छोट्या टाक्या फरशीखाली घातल्यात, ३२१ लिटर उरतात, पण गावाकडच्या वाटेवर पंपाची रांग हा वेगळा खर्च.

या सगळ्या गाड्या मागून अशा कापल्यासारख्या का, तर करामुळे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरखालच्या, छोट्या इंजिनच्या गाड्यांना सवलत मिळाली आणि तेव्हापासून कंपन्या ३९९५ मिलिमीटरवर येऊन थांबतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी अशा गाड्यांना १८ टक्के आहे, इतरांना ४०. गंमत म्हणजे ब्रेझा चार मीटरखाली असूनही तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, १२०० च्या वर, म्हणून ती ४० मध्ये. तुमच्या खिशाला याचा फरक एवढाच की त्याच पैशात ब्रेझाचा व्हेरियंट एक पायरी खालचा मिळेल. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स, त्यावर वीस लाखांपर्यंत १२, डिझेलला दोन टक्के जास्त. चौदा लाख ऑनरोड म्हणजे एक्स-शोरूम बाराच्या आसपास धरून चला.

डिझेल नको. दिवसाला बारा किलोमीटरच्या शहरी फेरीत काजळी पकडणारा फिल्टर, डीपीएफ, जाळून साफ होण्याइतका तापतच नाही. मग दिवा लागतो आणि रविवारी सकाळी विनाकारण हायवेवर वीस मिनिटं गाडी पळवून आणावी लागते. वर्षाला चार गुहागर फेऱ्यांसाठी हे दुखणं घेऊ नका.

ऑटोमॅटिक घेणार असाल तर गिअरबॉक्सचा प्रकार नावानिशी विचारा. ब्रेझा, ३एक्सओ आणि कायलॅक यांत टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा. नेक्सॉन पेट्रोलमध्ये एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण गिअर यंत्र बदलतं) किंवा डबल क्लच (दोन क्लच आळीपाळीने चालतात). डबल क्लच मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखा चालतो, पण माझ्या आधीच्या गाडीतला (कंपनीचं नाव घेत नाही) मे महिन्यातल्या एका शनिवारी खंबाटकीच्या चढावर, ट्रकच्या रांगेत, तापला. डॅशबोर्डवर इशारा, गाडी कडेला, आत घामाघूम माणसं, अर्धा तास. चूक थोडी माझीही होती: चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरत होतो, त्यात क्लच जळतो. पण कोथरूडचा ट्रॅफिक आणि वर्षातून आठ वेळा कुंभार्ली घाट असेल तर मी टॉर्क कन्व्हर्टरच घेईन, थोडं पेट्रोल जास्त प्यायलं तरी. टर्बो पेट्रोलचं मायलेज तसंही पायावर असतं. सिग्नलवरून पहिलं निघायची हौस असेल तर ते एक आकडीसुद्धा दिसेल.

घाटात ब्रेझाच्या टर्बो नसलेल्या दीड लिटरला पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन चढताना गिअर खाली टाकावा लागतो, आवाज होतो, पण ती चढते. ३एक्सओ आणि कायलॅक अशा ठिकाणी निवांत असतात. ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बहुतेकदा रिकाम्या गाडीचा असतो. पाच जण बसल्यावर मागची बाजू दबते, म्हणून ट्रायल सगळ्यांना बसवून तुमच्या सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरूनच घ्या. आणि शोरूमवाला 'एक राउंड मारून या' म्हणेल ती तीन किलोमीटरची फेरी ट्रायल नव्हे. तासभर मागा, चांदणी चौकातून पिरंगुटच्या बाजूला जा, वाटेत तुम्ही मागे मध्ये बसा. हो, तुम्ही. यजमान चालवतीलच, त्यांना सगळ्याच आवडणार.

सुरक्षेबद्दल एकच. भारत एनकॅपच्या, म्हणजे गाड्या आदळून घेतलेल्या चाचणीच्या, तक्त्यात नुसते तारे बघू नका, लहान मुलांचे गुण वेगळे असतात, ४९ पैकी. कायलॅकला ४५, नेक्सॉनला ४३.८३, ३एक्सओला ४३. तिघींना पाच तारे. जुन्या व्हिटारा ब्रेझाला ग्लोबल एनकॅपने २०१८ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार दिले होते. आणि सहा एअरबॅग असलेल्या गाडीत मागे बेल्ट न लावणारी माणसं बसली तर हे सगळे गुण त्यांच्यासाठी शून्य.

माझा कौल: तुमच्या घरासाठी ३एक्सओ पहिली, मागच्या सीटमुळे. बूटमध्ये मार खाल, छतावर कॅरियर लावावा लागेल. दुसरी ब्रेझा, उभी बैठक, मोठ्या काचा, सासूबाईंना बहुधा हीच आवडेल. नेक्सॉन वाईट नाही, सगळ्यांत थोडी थोडी आहे. कायलॅक चालवायला चौघींत उजवी, मी एकटा असतो तर तीच घेतली असती, पण ती चार जणांची गाडी आहे आणि तुम्ही पाच आहात.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. एसयूव्हीच हवी हा हट्ट नसेल तर अर्टिगा एकदा बघा. २७४० चा व्हीलबेस, मधली रांग मागेपुढे सरकते, मागची पाडली की आंब्याच्या पेट्यांची चिंता नाही, आणि तुमच्या बैठकीच्या कोड्याचं उत्तर तिथे पाच मिनिटांत मिळतं. तिचं दुबळं अंग सुरक्षा: आफ्रिकेसाठीच्या दोन एअरबॅगच्या अर्टिगाला ग्लोबल एनकॅपने २०२४ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा दिला होता. मला स्वतःला तो तारा टोचतो, म्हणून मी तिला वरच्या यादीत घातलं नाही. निर्णय तुमचा.

सनरूफबद्दल यजमानांना एवढंच विचारा की चिपळूणला मे महिन्यात दुपारी दोन वाजता ते उघडणार का. त्यामुळे आत डोक्यावरची उंची इंचभर कमी होते, आणि मुलं त्यातून बाहेर उभी राहायला मागतात ते वेगळंच.

आणि बुकिंगचे पैसे भरायच्या आधी एक काम. तुमचं पार्किंग मेकॅनिकल आहे, असं शेवटच्या ओळीत ओझरतं लिहिलंय. खाली जाऊन त्या प्लॅटफॉर्मवरची पाटी वाचा. जुन्या स्टॅक (एकावर एक) पार्किंगमध्ये बऱ्याचदा १५५० मिलिमीटर उंचीपर्यंतच्याच गाड्या बसतात, सेडानच्या मापाच्या. ३एक्सओ १६४७ उंच आहे, ब्रेझा १६८५, नेक्सॉन १६२०. आमच्या शेजाऱ्यांची नवी गाडी याच पायी दोन वर्षं रस्त्यावर उभी आहे. टेप घेऊन जा, उंचीबरोबर रुंदीही मोजा, आरसे मिटून आणि उघडून दोन्ही. मापं कळवलीत तर वरची क्रमवारी बदलते का ते सांगतो.