६ वर्षांच्या मुलाचं पोट दुखतंय, पायांवर लाल ठिपके आहेत. सर्जन अपेंडिक्स म्हणतात, बालरोगतज्ज्ञ ‘थांबा’ म्हणतात. कुणाचं ऐकावं?

दोघांचंही. मी नाशकात सोनोग्राफी करतो. थंडीत सर्दी-खोकला होऊन गेलेली, पोट धरून वाकलेली अशी पोरं सिन्नर-निफाडकडून येतात. पोटावर प्रोब ठेवण्याआधी मी मोजे काढायला आणि चड्डी सरकवायला सांगतो. ठिपके असतात घोट्यांवर, पोटऱ्यांवर, ढुंगणावर. बोट फिरवलं तर हाताला किंचित उंचवटा लागतो, दाबून धरलं तरी लाली जात नाही. घरच्यांच्या तोंडी पहिला शब्द डेंग्यू. पण यात प्लेटलेट नॉर्मल किंवा वाढलेल्याच निघतात.

हा आयजीए व्हॅस्क्युलायटिस. जुन्या कागदांवर एचएसपी (हेनॉक-शोनलाइन पर्प्युरा) हे याचंच जुनं नाव लिहिलेलं असतं. बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते. ती आतड्याच्या भिंतीत आली की कळा, उलट्या, कधी शौचातून रक्त. पंचाईत ही की काही मुलांत पोट आधी दुखतं आणि ठिपके नंतर उमटतात. तेव्हा अपेंडिक्सची शंका घेणाऱ्या सर्जनला नावं ठेवू नका.

पण ‘व्हॅस्क्युलायटिस आहे, म्हणजे ऑपरेशन टळलं’ असंही धरून चालू नका. सुजलेलं आतडं पुढच्या आतड्यात शिरू शकतं. स्क्रीनवर वर्तुळात वर्तुळ दिसतं. तान्ह्या बाळांत बहुधा लहान आतडं मोठ्यात शिरतं आणि गुदद्वारातून हवा किंवा पाणी सोडून ते सोडवता येतं. या आजारात बरेचदा लहान आतडं लहानातच शिरतं, तिथवर ती हवा पोचत नाही. म्हणून कालचा रिपोर्ट चांगला होता यावर विसंबू नका; दुखणं वाढलं तर सोनोग्राफी पुन्हा करायची. हिरवी उलटी, फुगलेलं पोट, शौचात रक्त, मलूल पडलेलं मूल, यातलं काहीही दिसलं तर रात्रीच निघा.

अंडकोष सुजला तरी तेच. या आजारानेही सूज येते, पण पीळ पडला असेल तर पहिले ६ तास मोलाचे. डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लगेच करा. त्यानेही शंका फिटली नाही आणि सर्जन उघडून बघतो म्हणाले, तर बघू द्या.

स्टिरॉइडने पोटाच्या कळा कमी होतात, मूत्रपिंडाला मात्र त्याने संरक्षण मिळत नाही. तिथला त्रास दुखत नाही, त्यामुळे पोट थांबलं की लोक विसरतात. निदान ६ महिने लघवीची तपासणी आणि बीपी चुकवू नका, सुरुवातीला तर दर आठवड्याला.