70 किलोवर अडकलेला स्क्वॉट

तुम्ही लिहिलंय, आठवड्यातले सहा दिवस जिम, रोज सकाळी 5 किलोमीटर पळणं, झोप जेमतेम साडेपाच तास, आणि तरी स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन मारायची बैठक, दोन महिने 70 किलोच्या पुढे हलत नाही. म्हणून आता संध्याकाळीही जाऊ का, असं विचारताय. कृपा करून जाऊ नका. मेहनत कमी पडत नाहीये, ती अंगी लागायला तुम्ही सवडच देत नाही आहात.

वजन उचलताना स्नायू थकतो. तो भरून येतो नंतर, खाण्याने आणि झोपेने, आणि जड व्यायामानंतर ही डागडुजी एक-दोन दिवस चालू असते. सोमवारी पायांचा व्यायाम करून मंगळवारी पहाटे त्याच पायांवर पळायला निघालात, की ती अर्धवटच राहते.

कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत दुपारी जाऊन बघा. पहाटे जोर, बैठका, लढती मारलेली पोरं खुराक घेऊन ढाराढूर झोपलेली असतात, कारण संध्याकाळी पुन्हा मातीत उतरायचं असतं. ती झोप त्यांच्या मेहनतीतच धरलेली आहे. तुम्ही नोकरी सांभाळून त्यांच्यासारखा दोन वेळचा व्यायाम करू बघताय, पण झोप मात्र वगळून.

दोन सेटमधल्या, म्हणजे सलग मारलेल्या बैठकांच्या दोन फेऱ्यांमधल्या, विश्रांतीचंही तेच. मी स्वतः स्क्वॉटला 100 किलोवर असाच अडकलो होतो. वहीत आठवड्यामागून आठवडे तीन सेटच्या बैठकांची एकच नोंद: 5, 4, 3. मिनिटभर दम खाऊन पुन्हा बारखाली जायचो. एका मित्राने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून चार मिनिटं बसवून ठेवलं, आणि त्याच दिवशी, त्याच वजनाला 5, 5, 5 झाले. जड सेटला लागणारं तातडीचं इंधन, म्हणजे फॉस्फोक्रिएटिन, बऱ्यापैकी भरून यायला तीन ते पाच मिनिटं लागतात. पैलवान खाशाबा जाधवांना 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच पुढच्या कुस्तीला उभं केलं. मधली अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती, पण त्यांच्या बाजूने भांडायला आपला अधिकारी तिथे नव्हता. ती कुस्ती ते हरले. आजही हे आठवलं की जीव तळमळतो.

आता तुमचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार एवढेच दिवस जिम. स्क्वॉट 60 किलोपासून सुरू करा, 5 चे 3 सेट, आणि दर वेळी फक्त अडीच किलो वाढवा. त्यासाठी सव्वा किलोच्या दोन प्लेट्स लागतात, बऱ्याच जिममध्ये त्या नसतात, स्वतःच्या घ्या. बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलणं) आणि ओव्हरहेड प्रेस (उभ्याने बार डोक्यावर ढकलणं) आलटून पालटून, डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं) आठवड्यातून एकदाच. पळणं मंगळवारी आणि शनिवारी, अर्धा तास, सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने. रविवारी काही नाही. सात-आठ आठवड्यांनी एक आठवडा वजनं निम्म्यावर आणा.

गुडघा कुरकुरतो असंही लिहिलंय तुम्ही, तर स्नायूंपेक्षा त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा सावकाश घट्ट होतात, म्हणून वजन सोसलं तरी सांधा कुरकुरतो. सूज असेल किंवा पायऱ्या उतरताना कळ येत असेल, तर हे सगळं थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

रात्री साडेदहाला फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सगळ्यात आधी हेच करा.

या हिशेबाने दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी पुन्हा 70 येतील. ते तीन सेट कसे गेले ते इथे लिहा, मध्ये किती मिनिटं बसलात आणि आदल्या रात्री किती झोपलात त्यासकट.