रुंद चाकांमुळे क्लेम नाकारला. जुनी चाकं परत चढवू का?

प्रश्न: माझी दोन दारांची स्पोर्ट्स कार आहे. कंपनीची साडेसात इंच रुंद चाकं आणि २२५/४५ आर १७ टायर काढून मी नऊ इंची अलॉय व्हील्स आणि २५५/४० आर १८ टायर बसवले. अडीच महिन्यांपूर्वी लाल सिग्नलला उभा असताना मागून पिकअपने धडक दिली. बंपर, डिकी आणि मागचा डावा फेंडर चेपला. विमा कंपनीने ‘गाडीत अनधिकृत बदल’ असं कारण देऊन क्लेम नाकारला. मित्र म्हणतात, जुनी चाकं चढव, पुन्हा सर्व्हे मागव आणि पहिल्या सर्व्हेअरची चूक झाली असं सांग. तसं करू का?

उत्तर: नका करू. सर्व्हेअरने काढलेले फोटो कंपनीच्या फाइलमध्ये आहेत, आणि त्यांत टायरवरचं माप वाचता येत असणार. आज तुमची सगळ्यात भक्कम बाजू ही, की धडक बसली तेव्हा तुमची गाडी उभी होती. चाकांबद्दल एकदा खोटं बोललात, की त्या खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि क्लेम बुडवायला कंपनीला खरोखरीचं कारण मिळेल.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. चाकं कायद्यात बसतात का, हा एक. नुकसानभरपाई मिळायला हवी का, हा दुसरा. पहिल्यात तुमची बाजू कच्ची आहे, दुसऱ्यात चांगली आहे. कंपनीच्या पत्रात हे दोन्ही एकच असल्यासारखं लिहिलंय, म्हणून तुम्ही घाबरलात.

आधी कच्ची बाजू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या बाजूने एक मुद्दा आहे: कलम ५२ च्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे वाहनाचं मूळ स्वरूप पालटेल असा रचनेतला बदल, असं म्हटलंय. नुसतं चाक बदलणं त्यात येतं का, यावर वाद घालता येईल. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर आणि गाडीचं मॅन्युअल आजच पाहा. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला गाडीच्या कंपनीने १८ इंची चाक दिलं असेल, तर ते पान जपून ठेवा. पण त्या पानावर तुमचं माप असायला हवं. ‘१८ इंच’ एवढं पुरत नाही.

मापाचा आग्रह का, ते सांगतो. तुमच्या मूळ टायरचा एकूण व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर, नव्याचा ६६१. फरक चार टक्क्यांहून जास्त, म्हणजे स्पीडोमीटरचा काटा आधीइतकाच आकडा दाखवत असला तरी गाडी पूर्वीपेक्षा चार टक्के जोरात पळते. शिवाय तुम्ही पाठवलेल्या बिलावर चाकाचा ऑफसेट, म्हणजे चाक गाडीला जिथे टेकतं ती जागा रुंदीच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे तो आकडा, २५ आहे. तो जितका कमी, तितकं चाक बाहेर येतं. मूळ चाकाचा तुम्ही ४५ लिहिलाय. रुंदीमुळे (वाढलेल्या दीड इंचाचा निम्मा भाग) १९ आणि ऑफसेटमुळे २० मिलिमीटर, असं चाकाची कड जवळजवळ चार सेंटीमीटर बाहेर आली. फोटोत टायर फेंडरच्या बाहेर दिसतो तो यामुळेच. बेअरिंगवरचा ताण वाढतो, पाऊस पडला की रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. पाण्यात गाडी घसरून अपघात झाला असता, तर मी तुम्हाला इतक्या आशेने लिहिलं नसतं.

पण तसं झालेलं नाही. उभ्या गाडीला मागून धडक बसली, तिथे टायर सव्वादोनशे मिलिमीटर रुंद होता की अडीचशे, याने काय फरक पडला? कंपनीला पत्र लिहाल त्यात हाच प्रश्न सरळ विचारा. अटभंगाचा नुकसानीशी संबंध नसेल, तर सगळा क्लेम नाकारणं योग्य नाही, अशी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका राहिली आहे. २००८ च्या एका निकालात खासगी वापराची गाडी भाड्याने चालवली जात असताना चोरीला गेली होती. अट मोडली हे मान्य करूनही न्यायालयाने नुकसानीच्या ७५ टक्के रक्कम कायम ठेवली. अशा तडजोडीच्या क्लेमला विम्यात ‘नॉन-स्टँडर्ड’ म्हणतात. पूर्ण रक्कम मागा, पण ७५ टक्क्यांवर सुटलं तर ते हरणं समजू नका.

दोन जागा मात्र दुखऱ्या आहेत. पहिली मागच्या डाव्या फेंडरची. तुमच्या तिसऱ्या फोटोत कमानीच्या आतल्या कडेला रंग गुळगुळीत घासून काळा पडलाय. तो धडकेचा नाही, टायर घासल्याचा आहे. धडकेची चेप वरच्या बाजूला आहे, तिथे पत्रा उघडा पडून चकाकतोय. घासल्याचा भाग स्वतःहून सोडून द्या आणि तसं लिहा. जे आपलं नाही ते मागितलं नाही, की जे आपलं आहे ते मागताना मान ताठ राहते.

दुसरी जागा जास्त गंभीर. चाकं बसवल्यावर पॉलिसीचं नूतनीकरण झालं का? झालं असेल आणि ऑनलाइन फॉर्मवर ‘गाडीत बदल केले आहेत का’ समोर ‘नाही’ गेलं असेल, तर कंपनी वस्तुस्थिती लपवल्याचा मुद्दा काढेल. फॉर्म एजंटने भरला असेल, तरी त्याची प्रत मागवा. चाकांच्या बिलाची तारीख आणि नूतनीकरणाची तारीख शेजारी शेजारी ठेवा, मग वकिलाकडे जा. सर्व्हे अहवालाची प्रतही लेखी मागा.

आता ज्याच्याबद्दल तुम्ही एक शब्दही विचारला नाहीत, तो पिकअपवाला. चूक त्याची आहे. त्याच्या विमा कंपनीशी तुमचा करार नाही, म्हणून तुमच्या पॉलिसीच्या अटी तिला पुढे करता येत नाहीत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात केवळ इजेचाच नाही, मालमत्तेच्या नुकसानीचा दावाही करता येतो. त्यासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिने दिलेत, त्यातले अडीच गेले. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून घेता येणार नाहीत, पण दोन्ही दारं उघडी ठेवा. पोलिसांकडची नोंद, पिकअपचा नंबर, सिग्नलवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण यांसाठी आजच अर्ज करा; चित्रण फार दिवस ठेवत नाहीत, कदाचित गेलंही असेल.

तुमच्या विमा कंपनीकडे आधी तक्रार विभागात लेखी दाद मागा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर त्यानंतर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. ग्राहक आयोगासाठी दोन वर्षं आहेत.

जुनी चाकं घरात पडून आहेत असं तुम्ही लिहिलंय. ती जरूर चढवा, रस्त्यावर गाडी त्याच चाकांवर हवी. फक्त आधी कंपनीला पत्र द्या: अमुक तारखेला मूळ चाकं बसवतोय, रुंद चाकं पाहायची असतील तर त्याआधी माणूस पाठवा. त्या पत्राची पोच हातात आली, आताच्या चाकांचे चारही बाजूंनी फोटो निघाले, की मगच नट सैल करा.