मातृभूमीवर स्वरचित कविता कशी लिहावी? हिमालय, गंगा, तिरंगा यांच्या पलीकडे काही सुचत नाही

तुमची मुलगी आठवीत आहे. पंधरा ऑगस्टला ‘माझी मातृभूमी’ या विषयावर स्वतःची कविता म्हणायची आहे, आणि हिमालयाचा मुकुट, पाय धुणारा सागर आणि डौलाने फडकणारा तिरंगा एवढं झालं की पेन थांबतं. वृत्त कोणतं घ्यावं आणि ‘सुजलाम सुफलाम’सारखे संस्कृत शब्द घालावेतच का, हेही तुम्ही विचारलंय. मी माणदेशातल्या एका शाळेत मराठी शिकवते. याच विषयावरून एका परीक्षकांशी माझं वाजलं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी सरळ सांगते. मुलीने हिमालय पाहिला नसेल तर तो कवितेतून काढून टाका. जे पाहिलं नाही त्याची स्तुती दुसऱ्याच्या शब्दांत होते, म्हणून साऱ्या वर्गाच्या कविता एकसारख्या निघतात. आपल्याकडची टिकलेली मातृभूमीची गाणी काढून बघा, त्यांत नुसती विशेषणं नाहीत, नावं आहेत. गोविंदाग्रजांचं, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचं, ‘मंगल देशा, पवित्रा देशा’ आपल्याला तोंडपाठ असतं. त्यात ‘राकट देशा, कणखर देशा, दगडांच्या देशा’ झालं की पुढे ‘अंजन कांचन करवंदीच्या काटेरी देशा’ येतं. करवंदाच्या जाळीत हात घालून ज्याने ओरखडे काढून घेतलेत, त्याला ही ओळ लगेच कळते. आपल्या देशाला काटेरी म्हणायला गडकऱ्यांना जराही संकोच वाटला नाही, आणि ते म्हणणं म्हणजे त्या देशाचा मानच होता.

आता ती गोष्ट. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी एका मंडळाने शाळकरी मुलांसाठी देशभक्तिपर स्वरचित कवितेची स्पर्धा ठेवली होती. माझ्या वर्गातली एक मुलगी एरवी चार वाक्यं सलग बोलायची नाही. तिने स्वतःहून वही पुढे केली. ओळी अशा होत्या:

टँकरच्या मागे माय
उभी घेऊन घागर
तिच्या सावलीत उभं
माझ्या देशाचं हे घर

बाभळीला आली फुलं
जशी हळद लग्नाची
माझ्या कोरड्या आईची
ओटी भरली सोन्याची

मी एक अक्षर बदललं नाही. बदलण्यासारखं काही नव्हतंच. आमच्याकडे पाऊस कधी येतो, कधी नुसता दिसून जातो. माणगंगा नदी आहे, पण वर्षातला बराच काळ तिच्या पात्रातून चालत जाता येतं. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीला आई कोरडी दिसली, आणि त्या कोरडेपणातही बाभळीच्या पिवळ्या फुलांनी तिची ओटी भरलेली दिसली. याहून मोठी स्तुती मला माहीत नाही. ज्या बाईची ओटी भरायची, तिला आपण काय मानतो हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

कविता परत आली तेव्हा कागदावर लाल शाई होती. ‘टँकरच्या मागे माय’ खोडून वर लिहिलं होतं ‘गंगेच्या काठाला माय’. ‘कोरड्या’वर काट मारून ‘सुंदर’ केलं होतं. समासात बारीक अक्षरांत शेरा होता: ‘मातृभूमीची स्तुती अपेक्षित आहे, तक्रार नको.’ अक्षरं मोजली तर दोन्हीकडे आठच भरत होती. परीक्षकांना छंद उत्तम कळत होता. पण मुलीचं गाव त्या कागदावरून पुसलं गेलं होतं. तिने तो कागद घडी करून दप्तरात ठेवला, आणि पुढे शाळा सुटेपर्यंत कुठल्याही स्पर्धेला नाव दिलं नाही.

मी जाऊन परीक्षकांना भेटले. निवृत्त प्राध्यापक, वाचन दांडगं, वागणं सभ्य. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, “बाई, देशभक्तीची कविता हे स्तोत्र असतं. आईच्या स्तोत्रात आईचं आजारपण सांगतात का? ‘सुजलाम सुफलाम’ म्हणणाऱ्या देशात ही मुलगी टँकर घेऊन येते!” त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही, राग जास्त होता. नंतर मात्र मी घरातली पुस्तकं काढून बसले. तेव्हापासून हे उत्तर माझ्याकडे तयार आहे.

‘सुजलाम सुफलाम’ पासूनच सुरू करू. बंकिमचंद्रांचं हे गीत, म्हणजे ‘वंदे मातरम्’, ‘आनंदमठ’ या कादंबरीत आलं, पुस्तक १८८२ चं. ती कादंबरी उघडते १७७० च्या बंगालच्या दुष्काळात. गावं ओस पडलीत, माणसं अन्नावाचून मरताहेत, आणि त्या मुलखात एक संन्यासी ‘सुजलाम सुफलाम’ गातो. ऐकणाऱ्याला आधी कळतच नाही की ही कुठली आई. त्याच कादंबरीत आईच्या मूर्ती दाखवल्या आहेत: आई कशी होती, आज कशी झाली आणि उद्या कशी होईल. आजची आई काळी, सर्वस्व लुटलेली. म्हणजे ज्या शब्दांच्या आधारावर मुलीचा टँकर खोडला, ते शब्दच दुष्काळाच्या पोटातून आलेत. शिवाय मूळ बंगालीत कवी आईला थेट विचारतो, ‘अबला केन मा एत बले’, एवढं बळ असताना तू अबला का? स्तोत्रात आजारपण सांगत नाहीत, हे म्हणणं इथेच संपतं.

आणखी एक. मूळ गीतात ‘सप्तकोटि कंठ’ आहे. सात कोटी ही त्या वेळच्या बंगाल प्रांताची लोकसंख्या. बंकिमबाबू आपल्या डोळ्यांपुढच्या मुलखाविषयी लिहीत होते, तिथल्या नद्या, तिथली भातशेती, तिथली माणसं. पुढे ते साऱ्या देशाचं झालं आणि ओठांवर ‘कोटि कोटि’ आलं. आधी मुलूख, मग देश, असा तो क्रम आहे. आपल्या शाळांतून मुलांना उलटं शिकवतात. आधी नकाशा डोक्यात भरायचा, आणि गावाचं नाव आलं की ‘विषय सोडून लिहिलंस’ म्हणायचं.

तक्रारीचं म्हणाल, तर सावरकरांचं ‘सागरा, प्राण तळमळला’ पहिल्यापासून शेवटपर्यंत तक्रारच आहे. १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलेली ही कविता समुद्राला दोष देते: तू मला विश्वासात घेऊन इकडे आणलंस आणि आता परत नेत नाहीस. त्याच वर्षी त्यांच्या थोरल्या भावाला काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. शेवटी तर समुद्राला दटावलंय, ‘अबला न माझी ही माता’, ज्याने तुला एका आचमनात पिऊन टाकलं त्या अगस्तींना सांगेन. आणि त्यात मातृभूमीचं वर्णन कसं आहे? ‘प्रासाद इथे भव्य परी मज भारी, आईची झोपडी प्यारी.’ झोपडीला झोपडी म्हटलंय. तिचा राजवाडा करायची गरज कवीला वाटली नाही.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं ‘बहु असोत सुंदर संपन्न की महा’ घ्या. पहिल्याच ओळीत कबूल केलंय की याहून सुंदर, श्रीमंत, मोठे देश असतील खुशाल. पुढे तर मराठ्यांचे घोडे अटकेला जाऊन पाणी प्याले हे सांगून विचारलंय, ‘तेथ अडे काय जलाशय-नदांविणे?’ तळी आणि मोठ्या नद्या नसल्या म्हणून काय अडतंय! कोरडेपणा लपवलेला नाही, तो मांडून त्यावर मान ताठ केली आहे. माझ्या विद्यार्थिनीने तेच केलं होतं, तिच्या वयाच्या भाषेत. अटकेपार गेलेल्या घोड्यांच्या जागी तिच्याकडे बाभळीची फुलं होती. राजा बढे यांचं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ पासून आपलं राज्यगीत आहे, आणि त्या गाण्यात ‘दारिद्र्याच्या उन्हात शिजला’ हे शब्द आहेत. अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावाकडे राहिली’ ही तर विरहाची छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार. मुंबईत पोट भरायला आलेला गडी बायकोच्या आठवणीने झुरतो, आणि बघता बघता ती गत खंडित महाराष्ट्राची होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तिने सभा गाजवल्या. १९९७ साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा कुसुमाग्रजांनी स्वातंत्र्यदेवीच्याच तोंडून ‘अभिवादन मज करू नका’ असं म्हणवलं. यातल्या कुणाची देशभक्ती कमी होती असं म्हणायला कुणी पुढे यावं, मी ऐकायला तयार आहे.

स्पर्धेचं असं झालं, पण मी ती कविता सोडली नाही. त्याच वर्षी आमच्या शाळेच्या झेंडावंदनाला ती मुलीने म्हटली, मूळची, टँकरसकट. पोरांना सोडायला आलेल्या बायका फाटकाशी उभ्या होत्या. ओटीच्या ओळीवर त्यांच्यातली एक मोठ्याने म्हणाली, “परत म्हण गं ते!” आणि मुलीने ते कडवं परत म्हटलं. परीक्षकांनी तो दिवस पाहायला हवा होता.

आता तुमच्या मुलीचं. तिला एक दिवस द्या आणि शाळेच्या वाटेवर काय काय लागतं ते नावानिशी लिहायला सांगा. झाड असेल तर कुठलं, नदी वा ओढा असेल तर त्याला गावात काय म्हणतात, सकाळी सहाला कोण कामाला निघालेलं दिसतं. त्यातलं तिला जे सोडून जावंसं वाटणार नाही, तेवढंच कवितेत ठेवायचं. यमक मागून जुळवता येतं. ‘माता’ला ‘गाता’ शोधत बसली तर तिथेच अडकेल.

वृत्ताबद्दल थोडक्यात. अष्टाक्षरी घ्या. कुसुमाग्रजांचं ‘माझ्या मराठी मातीचा, लावा ललाटास टिळा’ बोटांवर मोजून बघा, ओळीला आठ अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं. सेनापती बापटांच्या ‘महाराष्ट्र आधार या भारताचा’सारखं भुजंगप्रयात कानाला दणदणीत लागतं, पण त्यात लघु-गुरू, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांचा ठरलेला क्रम, सांभाळावे लागतात, आणि ते सांभाळताना मुलं नको ते शब्द भरतात. आठवीला ते नको. संस्कृत शब्द तिच्या तोंडात सहज येत असतील तर राहू द्या, कुणी घालायला सांगितले म्हणून घालू नका.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात, नाहीतर माझं सांगणं एकांगी होईल. मी टँकरचं एवढं लिहिलं म्हणून मुलीच्या कवितेत टँकर घालू नका. तुमच्याकडे बारमाही नदी असेल, आंबराई असेल, तर हिरवं खुशाल लिहा, ते तितकंच खरं आहे. तिचे वडील किंवा मामा लेह-लडाखला फौजेत असतील तर हिमालयसुद्धा तिचाच, मग तो अवश्य आणा. आणि नुसती गाऱ्हाण्यांची यादी म्हणजेही कविता नव्हे. खड्डे, वीज, भ्रष्टाचार असं एकाखाली एक लिहिणारी मुलंही माझ्या वर्गात असतात, आणि त्यांना मी वही परत देते. कोरड्या आईची ओटी भरावीशी वाटली पाहिजे, ते नसेल तर नुसतं कोरडं लिहून काही साधत नाही.

दुसरं, गुणांचं. तुमच्याकडचे परीक्षक जुन्या वळणाचे असतील तर मुकुट-सागरवाल्या कवितेला नंबर मिळण्याची शक्यता जास्त आहे, हे मी लपवत नाही. नंबर हवा असेल तर तसं करा. मी माझ्या मुलांना तसं सांगत नाही, आणि त्यापायी आमच्या शाळेची बक्षिसं गेलीत. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलंही. मी त्यांना ‘बहु असोत’ची ती ओळ वाचून दाखवली.

मुलीचं पहिलं कडवं झालं की इथे टाका. अक्षरं मोजून देईन, कुठे ओळ लंगडत असेल तर दाखवीन. तिचे शब्द मात्र मी बदलणार नाही, आणि तुम्हीही बदलू नका.