मॅडन या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) खराखुरा खेळवायचा असेल तर

आधी पायांना वेसण घाल. नवखे खेळाडू स्नॅप होताच, म्हणजे चेंडू हातात येताच, उलटे पळतात, वीस यार्ड मागे जाऊन लांब फेकतात. गेम ते चालवून घेतो, पण एनएफएल या खऱ्या लीगमध्ये बहुतेकदा सॅकच होईल, म्हणजे फेकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला जाईल. म्हणून पाच किंवा सात पावलं मागे, मग थांबायचं. दबाव आला तर पॉकेटमध्येच (सहकारी क्वार्टरबॅकभोवती करतात त्या संरक्षक कड्यात) पुढे सरक. पॉकेट मोडल्याशिवाय धावायचं नाही. लमार जॅक्सनसारखा धावणारा क्वार्टरबॅक असेल तर ही अट सैल कर, टॉम ब्रेडीसारखा पॉकेटमध्येच थांबणारा असेल तर मुळीच नको.

खरी परीक्षा नजरेची आहे. स्नॅपआधी सेफ्टी (सर्वात मागचे बचावपटू) किती खोल उभे आहेत ते बघ आणि रिसीव्हरचा, म्हणजे पास झेलणाऱ्यांचा, क्रम ठरव: पहिला झाकलेला असेल तर दुसरा, मग तिसरा, शेवटी रनिंग बॅककडे (चेंडू घेऊन धावणाऱ्याकडे) छोटा पास. पडद्यावर तुला अख्खं मैदान दिसतं, क्वार्टरबॅकला दिसत नाही. तो ज्या बाजूला बघतच नाही, तिथे मोकळा रिसीव्हर दिसला तरी फेकू नकोस. २००५ साली आलेल्या मॅडन ०६ मध्ये यासाठी नजरेचा झोत होता: क्वार्टरबॅक बघतोय तेवढाच भाग उजळायचा. मला ती कल्पना आजही आवडते.

कोणीच मोकळं नसेल तर टॅकल बॉक्सबाहेर (दोन्ही टोकांच्या टॅकल खेळाडूंमधल्या पट्ट्याबाहेर) पडून चेंडू साइडलाइनपलीकडे फेक, फक्त तो स्क्रिमेजच्या रेषेपर्यंत, म्हणजे डाव सुरू झाला त्या रेषेपर्यंत, पोचू दे. यात कमीपणा नाही.

२०१८ च्या हंगामात एनएफएलचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीजने ७४.४ टक्के पास पूर्ण केले, तो विक्रम ठरला. तुझा हंगाम ८० टक्क्यांवर चालला असेल तर गेमच्या सेटिंगमधल्या स्लायडरमध्ये क्वार्टरबॅकची अचूकता कमी कर.