मातीच्या छोट्या धरणावर पर्यटन: भिंत आणि सांडवा सोडून बाकी सगळं करा

नमस्कार ताई. तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडतो. गावचं मातीचं धरण ९ मीटर उंच आहे, भिंत २८० मीटर आणि सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जायची वाट, ३० मीटर लांब. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात भिंतीच्या माथ्यावर पेव्हर ब्लॉक आणि बाकडी, पायथ्याशी बाग आणि तंबू, सांडव्यावरून ये-जा करायला पूल आणि तलावात बोटिंग आहे. पाणी मेपर्यंत पुरावं म्हणून सांडव्यावर फूटभर उंचीच्या फळ्या लावायचाही विचार आहे. पायथ्याशी थोडी ओल दिसते, ती चालेल का, असंही तुम्ही विचारलंय.

बोटिंग करा, तंबू लावा, पण समोरच्या आणि बाजूच्या काठावर. आराखड्यातली बहुतेक कामं नेमकी त्या जागांवर आखली आहेत ज्या उघड्या आणि मोकळ्या राहायला हव्यात. मातीच्या धरणाचा बिघाड आधी जमिनीवर दिसतो. तो झाकला गेला तर कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

फळ्यांचा विचार आजच सोडा. सांडव्याची क्षमता काढायचं ढोबळ गणित असं: लांबी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीडवा घात गुणिले १.७. तुमच्या ३० मीटरच्या सांडव्यावरून पुरात १ मीटर पाणी जाईल असं धरलं, तर सेकंदाला ५१ घनमीटर पाणी निघतं. ३० सेंटिमीटरच्या फळ्या लावल्या की तेवढ्याच पूरपातळीला वरून जायला ७० सेंटिमीटर उरतात, आणि विसर्ग येतो ३० घनमीटरवर. म्हणजे फूटभर फळीने चाळीस टक्के वाट बंद झाली. उरलेलं पाणी भिंतीच्या माथ्याकडे चढतं. दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी गेलं तर ती बहुधा तग धरते, मातीची धरत नाही. पाणी मागच्या, म्हणजे तलावाच्या उलट बाजूच्या, उतारावरची माती खालून वर कातत जातं आणि काही तासांत खिंडार पडतं. वाळूची पोती, मासेमारीची जाळी, जलपर्णीचा अडलेला थर, पुलाच्या खांबांना अडकलेली झाडं, या सगळ्यांचा परिणाम फळीसारखाच. पूल हवाच असेल तर मधे एकही खांब नको आणि त्याचा तळ पूरपातळीच्या वर हवा. त्या खर्चात काठाने फिरायची वाट छान होते. तलाव मासेमारीच्या ठेक्यावर असेल तर सांडव्यावर जाळी लावायची नाही, ही अट करारात लिहून घ्या.

आता ओल. सगळीच ओल वाईट नसते. मातीचं धरण थोडं पाझरणारच, आणि ते पाणी पायथ्याच्या दगडी निचऱ्यातून स्वच्छ बाहेर पडत असेल तर धरण ठीक काम करतंय. प्रश्न दोन: ओल कुठे आहे आणि पाणी कसं आहे. मार्चमध्ये मागच्या उताराकडे नीट बघा. सगळं गवत पिवळं पडलेलं असतं. त्यात पायथ्यापासून दोन-तीन मीटर वर लव्हाळ्याचा हिरवागार आडवा पट्टा दिसला, तर पाझर निचऱ्यात न जाता उतारावर फुटतोय. तिथली माती पायाखाली लिबलिबीत लागते. हे लगेच अभियंत्याला दाखवायचं.

पाण्यासाठी काचेची बरणी पुरेशी आहे. पाझराचं पाणी तिच्यात भरून रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी तळाशी मातीचा थर बसला असेल तर धरणाच्या पोटातून माती वाहून येतेय. किती पाझरतंय हे मोजायला १५ लिटरची बादली लावा. ती २० सेकंदांत भरली तर मिनिटाला ४५ लिटर. दर आठवड्याला हा आकडा तलावाच्या पातळीसकट वहीत लिहा. तलाव भरताना पाझर वाढणं स्वाभाविक आहे. पातळी तीच आणि पाझर वाढला, किंवा स्वच्छ येणारं पाणी गढूळ झालं, तर तो धोका.

पायथ्याजवळ जमिनीतून बुडबुड्यासारखं पाणी उसळून भोवती बारीक मातीचं कडं साचत असेल, तर त्यावर चिकणमाती किंवा सिमेंट ओतून बुजवू नका. पाणी अडलं की शेजारी दुसरी वाट काढतं. आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी, असा उलटा गाळणीचा थर टाकायचा: पाणी जाऊ द्यायचं, माती थांबवायची. त्याच वेळी विमोचकाचं, म्हणजे तलावातलं पाणी खाली सोडायच्या मोरीचं, दार उघडून पातळी उतरवायची, खालच्या वस्तीला हलवायचं आणि तहसीलदार, ११२ व जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर कळवायचं. दार वेळेला उघडलं पाहिजे म्हणून दर मे महिन्यात ते पूर्ण उघडून-मिटून बघा आणि दार वर-खाली करणाऱ्या दांड्याला (स्पिंडलला) ग्रीस द्या. कित्येक गाव तलावांचं दार गंजून बसलेलं असतं आणि ते पुरातच लक्षात येतं.

म्हणूनच पायथ्याची बाग मला अजिबात मान्य नाही. बागेला रोज पाणी घातलं की ओल धरणाची की हिरवळीची, हे कुणालाच सांगता येत नाही. झाडांचे खड्डे, शौचालयाची टाकी, कुंपणाचा पाया यांसाठी खोदताना निचऱ्याची चर फुटते. भिंतीवर आणि पायथ्यापासून निदान १० मीटरपर्यंत झाड नको. हरळी चालते, उलट ती हवीच. सुबाभूळ, बाभूळ, पिंपळ उगवला तर मनगटाएवढा व्हायच्या आत काढा. मोठं झाड तोडून मुळं तशीच सोडली तर ती कुजतात आणि भरावात पोकळ नळी राहते. ती मुळं काढायची तर उन्हाळ्यात, पाणी खाली असताना, अभियंत्यासमोर. खड्डा ओलसर मातीने १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत ठोकून भरायचा. तलाव भरलेला असताना पायथ्याला जेसीबी लावायचा नाही. घुशींची आणि खेकड्यांची बिळं दिसतील तिथे बुजवत चला.

माथ्यावरच्या पेव्हर ब्लॉकचंही तेच. त्याखाली आडवी भेग किंवा खचलेला भाग दिसत नाही. भिंतीच्या लांबीला समांतर भेग वाईट, पण आडवी, म्हणजे तलावाकडून खालच्या बाजूला जाणारी, जास्त घातक; ती पाण्याला सरळ रस्ता देते. माथा मुरमाचा ठेवा, उतार किंचित तलावाच्या बाजूला. दोन्ही टोकांना लोखंडी अडसर लावून चारचाकी बंद करा. गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल पाइपने दरवर्षी दर ३० मीटरवर माथ्याची उंची मोजा. मधेच १५-२० सेंटिमीटर दबलेला भाग असेल तर पूर आला की पाणी तिथूनच ओलांडणार. चालायला लोक येऊ देत, बाकडी टोकांना पक्क्या जमिनीवर ठेवा.

तलावाच्या बाजूचं दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेलं दगडांचं अस्तर, हाही सहलीच्या लोकांचा आवडता माल. चुलीला तीन दगड, पाण्यात फेकायला चार. उचललेल्या जागी लाटा खालची खडी धुतात, मग माती, आणि पावसाळ्याअखेर तिथे खोबण झालेली असते. चुलीसाठी काठावर विटांचे ओटे बांधून द्या, दगड उचलणं आपोआप कमी होईल. मोटरबोटीच्या लाटाही पिचिंग झिजवतात. एवढ्या तलावात वल्ह्याची किंवा पायडलची बोटच बरी.

लोकांच्या जिवाचं बघायचं तर मोठा धोका तळाचा आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत किंवा मुरूम काढताना पडलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातला माणूस पुढच्या पावलाला दोन पुरुष खोल जातो, आणि निसरड्या कडेवरून त्याला वर येता येत नाही. उन्हाळ्यात तलाव आटल्यावर या खड्ड्यांचा नकाशा करा आणि पाण्यात उतरायला एकच, सपाट तळाची जागा दोरी-फ्लोट लावून आखून द्या. इथून पुढे गाळ काढताना भिंतीच्या तलावाकडच्या पायथ्यापासून लांब राहा. जवळ खणलं तर पाझर रोखणारा मातीचा थर कापला जातो.

विमोचकाच्या विहिरीभोवती ३० मीटर आणि सांडव्याच्या अलीकडे ५० मीटरवर फ्लोटची दोरी हवी. दार उघडं असताना विमोचकाच्या तोंडावरच्या जाळीशी पाण्याची ओढ माणसाला दाबून धरते. सांडवा वाहत असेल त्या दिवशी बोटिंग पूर्ण बंद. सांडव्याखालच्या धबधब्यात भिजणं तर कायमचंच बंद करा: शेवाळ असतं, पाण्याचा भोवरा खाली ओढतो आणि पाणलोटात वर कुठे पाऊस झाला तर पातळी अचानक वाढते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं अशीच वाहून गेली.

प्रत्येक बोटीत माणशी एक लाइफ जॅकेट, बांधलेलं, मुलांना मुलांच्या मापाचं. काठावर दोन-तीन ठिकाणी खांबाला २० मीटर दोरी आणि तिला बांधलेला ५ लिटरचा झाकणबंद कॅन. कॅनमध्ये थोडं पाणी ठेवा म्हणजे लांब फेकता येतो. वाचवायला आधी दोरी फेकायची, उडी नाही. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटं करायचं नाही, पोट दाबायचं नाही. आधी पाच श्वास तोंडाने द्यायचे, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास हे चक्र, १०८ ची गाडी येईपर्यंत.

तंबू पूरपातळीच्या किमान १ मीटर वर, आणि भिंतीच्या खालच्या बाजूला एकही नको. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं तेव्हा खालच्या वस्तीतली माणसं घरातच होती. जागा निवडताना परतीचा रस्ताही बघा. तो सांडव्याच्या नाल्यातून जात असेल तर एका सरीत मुक्कामी लोक अडकतात.

कागदाचं थोडक्यात. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर. तुमचं ९ मीटरचं धरण त्यात येत नाही, म्हणजे वर्षाची तपासणी कुणी आपोआप करणार नाही. सिंचन क्षमता १०० हेक्टरपर्यंत असेल तर जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग, त्यावर ६०० हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण विभाग. कोणतंही काम सुरू करण्याआधी तिथून लेखी ना हरकत घ्या आणि त्याच अर्जात मे व ऑक्टोबरमधल्या पाहणीची मागणी करा. अर्जासोबत पाझराच्या वहीची प्रत आणि मागच्या उताराचे मार्चमधले फोटो जोडा.