डी-मार्ट शेजारी आलं तर किराणा दुकानाने दर पाडावेत का?

तुमचा प्रश्न असा: वडिलांचं किराणा दुकान आहे, अर्ध्या किलोमीटरवर डी-मार्ट उघडतंय. एमआरपीपेक्षा कमी दरात विकून त्यांना परवडतं कसं, आणि आपणही दर पाडून टक्कर द्यावी का?

दर पाडू नका. कारण नंतर सांगतो, पण हे आधी सांगतो, कारण उद्घाटनाच्या आठवड्यात घाबरून दर पाडणारे दुकानदार मी पाहिलेत. कल्याण-डोंबिवली पट्ट्यात बारा वर्षं माझी बिस्किटं आणि साबणांची एजन्सी होती. माल टाकायचो दुकानांत, म्हणून दोन्ही बाजूंचा हिशोब थोडाफार कळतो.

‘कंपन्या त्यांना घाऊकमध्ये स्वस्त देतात’ हे सगळेच म्हणतात. देतात, खरंय. पण घाऊक खरेदी सुभिक्षाही करत होती, बिग बझारही करत होतं. चेन्नईची सुभिक्षा १९९७ साली सुरू झाली, दहा-बारा वर्षांत सोळाशेच्या वर दुकानं काढली आणि २००९ मध्ये पगार-भाडं द्यायला पैसे नाहीत म्हणून शटर ओढलं. डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईत निघालं. मार्च २०२५ ला त्यांची दुकानं होती ४१५. तेवीस वर्षांत सुभिक्षाच्या पावपटीच्या आसपास! डी-मार्टचे संस्थापक राधाकिशन दमानी मुळात शेअर बाजारातले. घाई न करता बसून राहायची सवय त्यांना तिथूनच लागली असावी, असं मला वाटतं.

सावकाशीचं कारण जागेत आहे. डी-मार्ट शक्यतो जागा विकत घेतं, नाहीतर लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर. मॉलच्या चकचकाटात जात नाही. एकदा पैसे घातले की दर महिन्याला घरमालक दारात नाही. उलट उदाहरण बिग बझारचं. २६ जानेवारीच्या ‘सबसे सस्ता दिन’साठी लोकांना रांगा लावायला यांनीच शिकवलं, पण जागा भाड्याच्या आणि डोक्यावर कर्ज. कोविडनंतर भाडी थकली, अनेक जागांचे करार रिलायन्सने आपल्या नावावर करून घेतले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये दुकानांचा ताबाच घेतला. इतकी वर्षं नाव कमावलं, आणि पायाखालची फरशी दुसऱ्याची.

दुसरी गोष्ट आम्हा माल टाकणाऱ्यांच्या जिव्हाळ्याची: पैसे कधी मिळतात. एका साखळीला (वर आलेल्यांपैकी नाही, नाव घेत नाही) मी दीड वर्ष माल दिला. टेम्पो मागच्या दाराशी तीन-तीन तास उभा. खोक्याचा कोपरा दबलेला दिसला की खोकं परत. बिलाची मुदत साठ दिवसांची, हातात पैसे यायचे नव्वदाव्या दिवशी. हिशोब खात्यातला मुलगा दर वेळी म्हणायचा, ‘काका, फाइल वर गेलीय.’ ती फाइल वरून खाली येताना मी कधी पाहिली नाही. मग मी काय केलं? पुढच्या ऑर्डरला दर दोन टक्क्यांनी चढवला आणि चांगली स्कीम त्यांना सांगितलीच नाही. डी-मार्ट साधारण आठवडा-दीड आठवड्यात पैसे मोकळे करतं, हे धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. रोख देणाऱ्याला माल आधी आणि दर चांगला मिळतो. भुसार बाजारात हा नियम डी-मार्टच्या कितीतरी आधीपासून आहे.

तिसरं, फेऱ्या. समजा दुकानात एक लाखाचा माल आहे आणि मार्जिन आठ टक्के. माल दोन महिन्यांत संपत असेल तर वर्षात सहा फेऱ्या, ४८ हजार सुटले. तोच माल महिन्यात संपला तर बारा फेऱ्या, आणि मार्जिन चार टक्के ठेवलं तरी तेच ४८ हजार. डी-मार्टचा माल साधारण महिनाभरात फिरतो, म्हणून त्यांना चार सोडता येतात. वडिलांनी सोडले आणि फेऱ्या सहाच राहिल्या, तर वर्षाला चोवीस हजार गेले. शिवाय साखर घ्यायला गेलेला माणूस तिथून बादली, चादर आणि पोराची चड्डी घेऊन येतो. कपडे आणि घरगुती वस्तू त्यांच्या विक्रीत साधारण २२-२३ टक्के आहेत आणि खरं मार्जिन तिथे आहे. तुमच्याकडे चादर ठेवायला जागा कुठे?

एक गंमत सांगतो, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती. माझ्या बीटवरच्या, म्हणजे माल टाकायच्या पट्ट्यातल्या, एका दुकानदाराने ऑर्डर अचानक निम्म्यावर आणली. सेल्समन म्हणाला, खप कमी झालाय. मी स्वतः गेलो, तर काउंटरमागे डी-मार्टच्या पिशव्या. डिटर्जंटवर तिथे अशी स्कीम होती की माझ्यापेक्षा त्याला तीच पाकिटं स्वस्त पडत होती. जराही न लाजता म्हणाला, ‘तुम्ही द्या ना त्या दरात, तुमच्याकडून घेतो.’ मला देता आलं नाही. तेव्हा वडिलांना सांगा, डी-मार्ट उघडल्यावर पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक म्हणून आत एक फेरी मारा, वही घेऊन. ज्या दहा-पंधरा वस्तू तिथे आपल्या खरेदीपेक्षा स्वस्त दिसतील, त्या एक तर तिथूनच उचला, नाहीतर फळीवर कमी ठेवा. मोठ्या पॅकची लढाई सोडून द्या. महिन्याचं सामान तिकडे जाणारच आहे.

राहतं काय? महिन्याच्या वीस तारखेनंतरचं गिऱ्हाईक. संपलेला पाव किलो रवा, रात्री साडेनऊचं दही, सुट्टी हळद, वहीतली उधारी. पण हल्ली तिथेच ब्लिंकिट-झेप्टोवाले घुसलेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठ्या शहरांतल्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम होतोय, हे डी-मार्टनेच निकालांसोबत मान्य केलं आणि शेअर एका दिवसात आठ-नऊ टक्के आपटला. त्यामुळे तुमच्या भागात दहा मिनिटांत पोचवणारे आले असतील, तर माझ्या मते वडिलांची खरी टक्कर त्यांच्याशी आहे. आले नसतील तर डी-मार्ट उघडायच्या आत एक पोरगा सायकलवर ठेवा आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुकानाचा नंबर टाका. उधारी मात्र ओळखीपुरतीच, आणि सात तारखेला वसूल.